टोळीनायकाचे अर्थशास्त्र आणि आपली दारूबंदी

१९३९ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेला बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत 'द रोअरिंग ट्वेंटीज' हा चित्रपट प्रदर्शित झाला. तो अमेरिकेतील फसलेल्या दारूबंदीची कहाणी सांगणारा होता. एका देशाने प्रयोग करून, हात पोळून घेऊन तो सोडून दिला होता आणि दुसऱ्या देशातील एक शहर तोच प्रयोग मोठ्या श्रद्धेने सुरू करीत होते. खेर मंत्रिमंडळाने हा चित्रपट पाहून धोरण ठरवावयास हवे होते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु आज बुलढाणा जिल्ह्यातील आपले तरुण कार्यकर्ते जिल्हा दारूबंदीची मागणी करावी की करू नये या विचारात असताना, या जुन्या चित्रपटाने जे दाखविले आणि जे दाखविले नाही, त्या दोहोंचा विचार उपयोगी पडेल, असे मला वाटते.

टोळीयुद्धाचे चित्रपट म्हणजे निव्वळ बंदुकांचा खेळ, अशी आपल्या मंडळींची समजूत असते. ती या चित्रपटापुरती तरी बरोबर नाही. राउल वॉल्श यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा नायक एडी बार्टलेट हा पहिल्या महायुद्धातून परतलेला सैनिक आहे. जेम्स कॅग्नी यांनी ही भूमिका केली. युद्धावर जाण्यापूर्वी तो एका गॅरेजमध्ये काम करीत असे. परत येऊन पाहतो तो त्याच्या जागी दुसरा माणूस लागलेला. दारोदार हिंडूनही काम मिळत नाही. अखेर मित्राची टॅक्सी अर्ध्या वेळेला चालवून तो पोट भरू लागतो. एका गिऱ्हाइकाने दिलेले पुडके पोचवावयास जातो, त्यात दारू निघते, आणि तो तुरुंगात जातो. बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात येते की, ज्या देशात सरळ कामाला माणूस नको आहे त्याच देशात या चोरट्या कामाला हवे तितके मनुष्यबळ हवे आहे. न्हाणीघरातील टबात दारू तयार करून तो धंदा उभारतो, टॅक्सींचा ताफा उभा करतो. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्याचे सारे जाते. पुढे बंदी उठते, धंद्याचा पायाच नाहीसा होतो, आणि तो पुन्हा टॅक्सी ड्रायव्हर होतो. शेवटी एका चर्चच्या पायऱ्यांवर तो गोळी लागून मरतो. आणखी एक बारकावा असा की, भरभराटीच्या काळात हा दारूविक्या स्वतः दूध पितो. दारूची बाटली तो हाती धरतो ती सर्वस्व गेल्यावर.

या कथेतील कार्यकारणभाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन ओळखू यावा. मागणी कायम ठेवून पुरवठ्यावर बंदी घातली की माल नाहीसा होत नाही, त्याची किंमत वाढते. या वाढीव किमतीत मालाचा खर्च थोडा आणि जोखमीचे मोल फार असते. तुरुंगाची भीती, पोलिसांचा हप्ता, प्रतिस्पर्ध्याची गोळी, या साऱ्यांची भरपाई गिऱ्हाइकाच्या खिशातून होते. व्यवहार बेकायदा असल्यामुळे तक्रार घेऊन न्यायालयात जाता येत नाही, म्हणून करार पाळून घेण्याचे काम गुंड करतात. तेव्हा बंदुका हे या धंद्याच्या व्यवस्थेचे एक अंग होते. ज्याला जोखीम घेण्यावाचून गत्यंतर नाही असा बेकार तरुण या व्यवस्थेला स्वस्तात मिळतो. बंदी आणि बेकारी एकत्र आल्या की एडी बार्टलेट तयार होतो. नुसत्या बंदीने तो इतक्या संख्येने तयार झाला नसता.

अमेरिकेतील बंदी १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे टिकली. ती सर्वस्वी निष्फळ ठरली, असे सर्रास सांगितले जाते, ते मात्र अचूक नाही. या विषयावर त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांतही दोन तट होते. अर्विंग फिशर यांच्यासारखा थोर अर्थशास्त्रज्ञ बंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. क्लार्क वॉरबर्टन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, लोक बिअर सोडून कडक दारूकडे वळले. कारण उघड आहे. पकडले जाण्याची जोखीम तीच असेल, तर पिंपभर सौम्य पेय वाहून नेण्यापेक्षा चार बाटल्या कडक दारू नेणे चोरट्याला परवडते. पुढे १९९१ साली मायरन आणि झ्वीबेल या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला अंदाज असा की, प्रारंभी मद्यसेवन बंदीपूर्वीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत उतरले आणि नंतरच्या वर्षांत ते ६० ते ७० टक्क्यांपर्यंत पुन्हा चढले. याचा अर्थ, पिणे कमी झाले होते. परंतु चोरटी यंत्रणा जसजशी घट्ट बसत गेली तसतसा तो लाभ आटत गेला. हे दोन्ही निष्कर्ष आपण एकत्र लक्षात ठेवले पाहिजेत.

मुंबईचा अनुभव

आता घरचे उदाहरण घेऊ. खेर मंत्रिमंडळ त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावरून पायउतार झाले आणि तो पहिला प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली संमत झाला आणि १९५० मध्ये संपूर्ण राज्यात बंदी आली. या कायद्यातच एक पळवाट होती. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे परवाना काढून दारू घेता येत असे. ज्याला डॉक्टर गाठता येतो, अर्ज भरता येतो आणि विलायती बाटली परवडते, त्याला बंदी जाचली नाही. गिरणीतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगारासाठी मात्र हातभट्टी होती. काळा गूळ आणि नवसागर यांपासून काढलेली ती दारू रबरी ट्यूबांतून वाहून नेली जाई, आणि वाहून नेणाऱ्यांत गरीब बायका नि पोरे असत. पकडले जात ते हेच लोक. अमेरिकेतही डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळत होती. दोन्हीकडे वर्गभेद कायद्याच्या पोटातच होता.

याच चोरट्या धंद्यातून मुंबईचे टोळीनायक मोठे झाले. वरदराजन मुदलियार हा तमिळनाडूतून आलेला, व्हिक्टोरिया टर्मिनसवर हमाली करणारा माणूस. धारावी, अँटॉप हिल या भागांत हातभट्टीच्या धंद्यावर त्याने आपले साम्राज्य उभारले. १९८८ साली तो मद्रासला वारला. त्याच्या आयुष्यावर बेतलेला मणिरत्नम यांचा 'नायकन' १९८७ साली आला आणि त्याची हिंदी आवृत्ती 'दयावान' पुढच्याच वर्षी. आपल्या चित्रपटांनी येथे एक फरक केला. एडी बार्टलेट पायऱ्यांवर मरतो तेव्हा त्याच्यामागे वस्ती रडत नाही. त्याने कोणाचे कल्याण केले, असा दावाही चित्रपट करीत नाही. आपला टोळीनायक मात्र गोरगरिबांचा कैवारी म्हणून उभा केला जातो. सरकार जे देत नाही ते 'भाई' देतो, हा संदेश झोपडपट्टीतील तरुणाच्या मनावर बिंबतो. त्याने दिलेल्या शंभर रुपयांतील नव्वद रुपये त्याच वस्तीतील मजुरांच्या खिशातून भट्टीवाटे त्याच्याकडे आलेले असतात, हा हिशेब कोणताही दिग्दर्शक मांडत नाही.

१९६३ च्या अखेरीस वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, आणि त्यानंतर बंदी टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूचा कायदेशीर व्यापार मार्गी लागला. गंमत अशी की, दारूबंदीचा मूळ कायदा आजही रद्द झालेला नाही. कागदोपत्री महाराष्ट्रात दारू पिण्यास अजूनही परवाना लागतो. राज्याच्या तिजोरीत कोट्यवधी रुपये ओतणारा धंदा बंदीच्या कायद्याखाली चालतो, यापेक्षा मोठा ढोंगीपणा कोणता असेल?

चित्रपटात नसलेले घर

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल की, मग दारूबंदीचा विषयच सोडून द्यावा. शहरी सुशिक्षितांत हे मत आज सर्वमान्य होऊ लागले आहे. परंतु या ठिकाणी चित्रपटाची दुसरी बाजू, म्हणजे त्याने न दाखविलेली बाजू, विचारात घेतली पाहिजे. 'रोअरिंग ट्वेंटीज' मध्ये विकणारा आहे, चोरून आणणारा आहे, सरकारी वकील आहे. स्त्रिया आहेत त्या एक गायिका आणि एक क्लबची मालकीण. ज्याच्या घरी मजुरी पोचत नाही त्या पिणाऱ्याची बायको कोठे आहे? ती या चित्रपटात नाही आणि आपल्या टोळीपटांतही ठळकपणे नाही. वस्तुतः अमेरिकेत बंदीची मागणी लावून धरण्यात स्त्रियांच्या संघटना १८७४ पासून अग्रभागी होत्या. कायदा कसा फसला हे सांगणारी कथा तो कायदा कोणी आणि का मागितला हे विसरते, तेव्हा ती अर्धीच कथा असते.

आपल्याकडे ही मागणी परकी नाही. महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या वाढत्या गुत्त्यांविरुद्ध लेखी निषेध नोंदविला होता. इंग्रज सरकारला आबकारीचे उत्पन्न हवे होते, हे त्यांनी नेमके हेरले. आपल्या वऱ्हाडातील गाडगेबाबांचे वडील व्यसनापायी अकाली गेले. तरुण डेबूजीने मुलीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण घालण्याची जातीची रीत मोडली आणि गोडाचे जेवण दिले. जो समाज दारूने नागवला जात होता त्याच्यातूनच हा विरोध वर आला. दारूविरोध म्हणजे ब्राह्मणी सोवळेपणा, असे म्हणणाऱ्यांनी या दोन नावांचा विचार करावा.

नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे ओलीत नाही. कपाशी आणि सोयाबीन निघाले की शेतमजुराच्या हाताला काम उरत नाही. अशा घरात रोजच्या मजुरीतून पन्नास-साठ रुपये बाटलीकडे वळले तर ते डाळीतून, औषधातून आणि मुलीच्या शिक्षणातून वजा होतात. अर्थशास्त्रातील 'ग्राहकाचे सार्वभौमत्व' हे तत्त्व येथे लंगडे पडते, कारण निवड एकाची आणि उपास चौघांचा. म्हणून पिणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद आपल्या चळवळीला जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही.

विदर्भातील तीन जिल्हे

विदर्भात या प्रश्नाचा जिल्हावार अनुभव उपलब्ध आहे. गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या महिलांनी २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला, दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठविली. चोरटी दारू वाढली, गुन्ह्यांत स्त्रिया व मुले ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणे तेव्हा पुढे करण्यात आली. पहिली दोन कारणे गंभीर आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या महिलांनी शंभरांवर किलोमीटर पायपीट केली त्यांच्या मागणीशेजारी तिजोरीची खोट ठेवून तोलणे हे लोककल्याणकारी राज्याला शोभणारे नाही.

वर्ध्याचा धडा असा की, एका जिल्ह्याभोवती कागदावर रेघ ओढून बाटली थांबत नाही. शेजारच्या जिल्ह्यातून ती येते आणि तिच्यावर हप्ता चढतो. गडचिरोलीचा धडा थोडा वेगळा आहे. तेथे कायद्याला गावाची जोड देण्याचा प्रयत्न झाला. २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने, शासनाच्या सहभागाने 'मुक्तिपथ' कार्यक्रम चालला. त्यात गावोगावच्या लोकांचे संघटन आहे आणि व्यसनी माणसाच्या उपचाराची सोयही आहे. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अधिकार दिला आहे. चोरटी विक्री तेथेही होते, परंतु विक्रेत्याला विचारणारे कोणी तरी गावात उभे असते.

आंध्रचा अनुभवही हेच सांगतो. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावात साक्षरता वर्गात जमलेल्या बायकांनी अरकाचे दुकान बंद पाडले आणि त्यातून राज्यभर आंदोलन पेटले. १९९५ मध्ये एन. टी. रामराव यांनी संपूर्ण बंदी आणली आणि १९९७ मध्ये चंद्राबाबू नायडूंनी ती मागे घेतली. गावातील बायकांच्या हातात असलेले हत्यार सरकारने काढून घेतले, कायद्याच्या पुस्तकात ठेवले आणि तिजोरी रिकामी होताच मोडीत काढले.

मग बंदी उठविली म्हणजे प्रश्न सुटतो काय? तसेही नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली, आणि मुंबईत तेव्हा दारू उघडपणे विकली जात होती. कायदेशीर दारूवर जबर कर बसला की सर्वांत गरीब गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती बंदच झालेली असते. तो पुन्हा भट्टीकडे वळतो, आणि भट्टीवाला मिथेनॉल मिसळतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करवाढीस मंजुरी दिली, तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांच्या वाढीव उत्पन्नाची अपेक्षा सांगितली गेली. एवढ्या मोठ्या रकमेवर नजर ठेवून बसलेले सरकार लोकांनी दारू सोडावी म्हणून मनापासून झटेल, ही अपेक्षा भाबडी आहे. फुल्यांनी १८८० मध्ये जे ओळखले ते आजही खरे आहे.

आपण काय मागावे?

बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर, 'जिल्हा दारूबंदी' ही घोषणा आपण सरसकट उचलू नये, असे माझे मत आहे. ती सभेत टाळ्या मिळवील, आमदारांना निवेदन देण्यास सोयीची पडेल, आणि अंमलात आली तर पहिल्या पावसाळ्याच्या आत प्रत्येक तालुक्यात एक छोटा वरदराजन तयार करील. नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे आणि राष्ट्रीय महामार्गावरचे गाव आहे. अशा वाहत्या गावी चोरटा माल पोचविणे अवघड नाही आणि वाहून नेण्यास बेकार पोरे हवी तेवढी आहेत.

त्याऐवजी आपण चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, गावातील बायकांचा निर्णय. दुकान बंद करण्यासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाची तरतूद राज्यात आहे. परंतु तीत मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी मते पुरत नाहीत, एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे कामासाठी सुरतेला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली आणि यादीतून नाव न काढलेली मृत बाई, या सर्वांचे मत दुकानदाराच्या पारड्यात पडते. आमदार निवडताना जो नियम नाही तो दुकान बंद करताना का? झालेल्या मतदानाच्या बहुमतावर निर्णय व्हावा, ही मागणी न्याय्य आहे आणि तिच्यासाठी लढता येईल.

दुसरी गोष्ट, काम. रोजगार हमीची कल्पना या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात देशाला दिली. कपाशी संपल्यानंतरच्या महिन्यांत खारपाणपट्ट्यात शेततळी, बांधबंदिस्ती, रस्ते यांची कामे निघाली आणि मजुरी बाईच्या खात्यात वेळेवर पडली, तर दारूचे अर्धे गिऱ्हाईक आणि चोरट्या धंद्याचे सारे हमाल कमी होतील. दारूविरोधी मोर्चा आणि कामाच्या मागणीचा मोर्चा हे दोन वेगळे कार्यक्रम नव्हेत. तिसरी, उपचार. व्यसन हा आजार आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात त्यावर मोफत उपचार मिळाला पाहिजे, आणि दारूच्या महसुलातील ठरावीक हिस्सा कायद्याने याच कामासाठी राखून ठेवला पाहिजे. चौथी, शिक्षा कोणाला, याचा विचार. ट्यूब वाहणाऱ्या बाईवर खटला आणि माल पुरविणारा मोकळा, ही रीत बंद करण्यासाठी गावच्या महिला समितीला तक्रारीच्या चौकशीचा लेखी अहवाल मिळण्याचा हक्क हवा.

काही मित्र म्हणतील की हा मार्ग फार लांबचा आहे, आणि आज संध्याकाळी मार खाणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? हा आक्षेप मला मान्य आहे. तिच्यासाठी आजच्या आज करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणे, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिचा अर्ज लिहून देणे आणि तारखेला तिच्यासोबत उभे राहणे. हे काम प्रत्येक शाखेला करता येईल आणि त्याला कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ज्या गावात चार बायका अशा रीतीने एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतात, त्याच गावात पुढे आडव्या बाटलीला मते पडतात. घोषणा ठरविण्यापूर्वी आपल्या कार्यकर्त्यांनी अशा बायका आपल्या गावात किती आहेत, याची मोजदाद करावी आणि तेथून सुरुवात करावी.